‘पिशवी’ : एक शब्द आणि एक शस्त्रक्रिया

शहापूर व मुरबाड तालुक्यांत बोलीचे नमुने टिपीत असता प्रौढ स्त्रियांच्या तोंडून ‘पिशवी काढली’ हा प्रयोग कानी येतो. पिशवी म्हणजे गर्भाशय. प्रयोग केवळ ठाणे जिल्ह्याचा नव्हे; महाराष्ट्रात तो सर्वत्र रूढ आहे. त्याच्या अर्थाची व्याप्ती मात्र संदिग्ध आहे, आणि ही संदिग्धता निव्वळ कोशकाराच्या चिंतेची बाब नाही. गर्भाशय एकटे काढले तरी ‘पिशवी काढली’. त्यासह दोन्ही अंडाशये काढली तरीही ‘पिशवी काढली’च. दोहोंत पाळी थांबते. बाह्य खूण एक. शरीरावरील परिणाम मात्र भिन्न.

अंडाशयास स्वतंत्र नाव मिळण्यास युरोपातही विलंब लागला. गेलेनच्या परंपरेत तो अवयव ‘स्त्रीचे वृषण’ म्हणून ओळखला जाई. स्टेनोने १६६७ साली व डी ग्राफने १६७२ साली त्याचे खरे स्वरूप मांडले. परंतु नाव मिळाले म्हणून कार्य उमगले, असे नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट बॅटी या शल्यचिकित्सकाने १८७२ साली पाळीच्या व मनाच्या तक्रारींवर उपाय म्हणून अंडाशये काढण्यास आरंभ केला, आणि ती शस्त्रक्रिया काही दशके फोफावली. अंडाशय रक्तात स्राव सोडते, हे व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअरने सशांवरील रोपणप्रयोगांतून १८९६ च्या सुमारास दाखविले. १९४१ साली बोस्टनच्या फुलर ऑलब्राइटने ठिसूळ हाडांच्या, पासष्टीच्या आतील ४२ रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील ४० जणी ऋतुनिवृत्त स्त्रिया होत्या. पुढे मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका व सहकाऱ्यांना २००६-०७ मध्ये असे आढळले की, पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशये गेली व नंतर इस्ट्रोजेन मिळाले नाही, तर मृत्यूचे प्रमाण वाढते. शस्त्रक्रियेचे वय जितके कमी, तितका स्मृतिभ्रंशाचा धोकाही अधिक. अंडाशये राखली तरी ऋतुनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते, हे येथे नोंदविले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो २०१९ साली, बीडच्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांमुळे. त्या व्यवसायाची परिभाषाच बोलकी आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ‘उचल’. चुकलेला दिवस ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, अशा स्थितीत पोटदुखी वा अंगावरून जाणे यांवर ‘पिशवी’ काढण्याचा सल्ला सहज पटतो. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांची, ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. मात्र राष्ट्रीय पाहणीतील प्रश्न गर्भाशयापुरता आहे. अंडाशयांचे काय झाले, हे त्यातून कळत नाही; लोकांचा शब्द आणि प्रश्नावलीचा शब्द एकाच ठिकाणी आंधळे आहेत! केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली व एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांना तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी व ठाकूर वस्त्यांतून भातकापणी आटोपली की कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ओणव्याने भात लावणाऱ्या, डोक्यावरून विटा वाहणाऱ्या स्त्रीचे हाड चाळिशीतच विरळ होऊ लागले, तर तिच्या कंबरदुखीस ‘कामाने होते’ हे उत्तर तयार असते. पस्तिशीत अंडाशये गमावलेल्या स्त्रीस, विशेष प्रत्यवाय नसल्यास, नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण ती गेली आहेत हे आधी ठाऊक असावयास हवे.

अलीकडे ‘पिशवी’ या नोंदीखाली मी एक जादा प्रश्न विचारू लागलो आहे : बाजूची अंडाशये ठेवली की काढली? मुरबाडकडील एका बाईंनी ट्रंकेतून कागद काढून माझ्यापुढे धरला. शस्त्रक्रिया अकरा वर्षांपूर्वीची, कागद इंग्रजीत. दोन्ही काढली होती.