धुऱ्याचा वाद आणि कोर्टाचा कागद

संपादक मंडळातल्या मित्राचा निरोप आला, "तुझ्या विषयावर लिही, पण इतिहासाच्या तासाला यायची तशी झोप नको." माझा विषय जमीनधारणेचा इतिहास. नाव रुक्ष आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी वावर होतं किंवा आहे. आणि वावर आलं की धुऱ्याचा वाद, पांधणीचा वाद, भाऊहिश्श्याचा वाद ओघानं आलाच.

शाळेत आपण सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा इतिहास शिकलो. १६२९ साली देवगिरीवर त्यांचा खून झाला, हे आजही पाठ आहे. पण त्याच परगण्यातल्या कुणब्यानं वावर कोणत्या हक्कानं वाहिलं, सारा कोणाला भरला, हे त्या धड्यात नव्हतं. साध्या माणसाचं नाव इतिहासाच्या कागदावर येतं ते बहुधा दोनच वेळा: सारा भरताना आणि भांडताना. साऱ्याच्या कागदात नुसता आकडा असतो. भांडणाच्या कागदात मात्र माणूस बोलतो. म्हणून मी आयुष्यभर भांडणांचे कागद वाचत आलो.

मराठा काळात वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. साक्षी होत, कधी दिव्य करावं लागे आणि शेवटी महजर किंवा निवाडपत्र लिहिलं जाई. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी करी; पाटील-कुणब्याची निशाणी नांगराची. पुढं इंग्रजी अमलातल्या दाव्यांत त्याच जागी 'निशाणी अंगठा' आली. नांगर जाऊन अंगठा आला, एवढ्या एका बदलात बरंच काही सामावलं आहे. पूर्वी माणूस गावातल्या स्थानासकट साक्षीला उभा राहत असे. आता तो वादी, प्रतिवादी किंवा साक्षीदार नंबर तीन झाला.

आपल्या भागात हे स्थित्यंतर झपाट्यानं झालं. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, शेताला एकर-गुंठे मिळाले. खातेदाराचा हक्क वारसानं चालणारा आणि विकता येणारा ठरला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मलकापूर-शेगाववरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं केलं. जमिनीला किंमत आली, तशी ती तारण म्हणूनही चालू लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या वर्षी घेतलेलं कर्ज पुढच्या पिढीच्या गळ्याशी येई. मग कोर्टात प्रश्न उभा राही: कागदावर लिहिलेली ही खरेदी खरी, की पैसे फेडले की वावर परत, या बोलीवरचं गहाण?

अशा दाव्याची फाईल कशी वाचायची? पुष्कळजण थेट निकालपत्र उघडतात. न्यायाधीशाला कोण खरं वाटलं एवढंच त्यातून कळतं. वादपत्र आणि जवाबदावा वकिलांनी लिहिलेले. त्यांत कायद्याची भाषा असते, माणसाची नव्हे. खरा ऐवज असतो जबान्यांत. "बैल कोणाचे होते? बी कोणी दिलं? तुरी कोणाच्या खळ्यावर गेल्या?" या प्रश्नांच्या उत्तरांत गावाची शेती उभी राहते. बटाई कशी होती, मक्ता केव्हा ठरे, आत्या माहेरच्या शेतात निंदायला येत होती का, हे सगळं त्यात सापडतं. साक्षीदार पढवलेला असू शकतो. पण खोटं बोलणाराही गावात खपेल असंच खोटं बोलतो. म्हणून वादाच्या मुद्द्यावर त्याचा भरवसा नसला, तरी रीतीभातीवर ठेवता येतो.

याचं चांगलं उदाहरण १९५० नंतरच्या दशकातलं. तेव्हा बुलडाणा जिल्हा मध्यप्रदेशात होता. वऱ्हाडात एकसाली लावणीची चाल होती. कुळाला दरवर्षी नव्यानं वावर मिळे, त्यामुळं त्याचा हक्क कधी रुजतच नसे. १९५१ च्या वऱ्हाड शेती पट्टे नियमन कायद्यानं या कुळांना संरक्षण दिलं. १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो, १९५८ साली विदर्भासाठी कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९६१ पासून पात्र कुळांना मालकी मिळायची होती. दहा वर्षांत एकाच वावराच्या कागदांवर मध्यप्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यांची नावं आली.

या वर्षांत भांडण एकाच शब्दावर येऊन थांबे: वहिती कोणाची? मालक म्हणे, मी जातीनं वाहतो, हा तर माझा सालदार. वाहणारा म्हणे, मी कूळ आहे. पावती बहुधा नसेच. मग पेरेपत्रकाची नक्कल निघे आणि पटवाऱ्यानं त्या साली कोणाचं नाव लिहिलं यावर एका घराचं पुढचं आयुष्य ठरे. सगळे मालक सावकार नव्हते हेही लक्षात ठेवायला हवं. नवरा वारल्यावर दोन एकर लावणीनं देणारी विधवासुद्धा कायद्यानं मालकच होती. कायद्यानं तिला वेगळी सवलत ठेवली ती याचसाठी. फायली वाचल्या की 'जुलमी मालक, गरीब कूळ' हे सोपं चित्र टिकत नाही, आणि 'कायद्यानं सगळ्यांना जमीन मिळाली' हेही टिकत नाही.

कोर्टाच्या कागदांची मर्यादा मोठी आहे. ज्याच्याजवळ कोर्ट फीपुरते पैसे आणि तारखांना जायची सवड होती तोच तिथं पोचला. भूमिहीन मजूर, दबावाखाली गुपचूप वावर सोडून गेलेलं कूळ, हक्कसोड करून माहेर राखणारी बहीण, यांचे दावे दाखलच झाले नाहीत. म्हणून दिवाणी फाईल, महसुली प्रकरण, फेरफार आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकमेकांशेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

आता मुद्द्याची गोष्ट. रेकॉर्डरूममध्ये सगळं कायम राहत नाही. निकाल आणि हुकूमनामा जास्त काळ जपतात. फाईलचा बाकी भाग मुदत संपली की नियमानुसार नष्ट होतो. म्हणजे कोण जिंकलं ते उरतं आणि माणसं काय बोलली ते जातं. आपल्यापैकी अनेकांच्या आजीला लिहिता येत नव्हतं. तिचं बोलणं कुणी शब्दशः लिहून घेतलं असेल, तर ते कदाचित अशा एखाद्या जबानीतच.

पण नकला घरोघरी आहेत. लोखंडी पेटीत, माळ्यावर, जुन्या कापडात गुंडाळलेल्या. काही मोडीत आहेत, काहींना वाळवी लागली आहे. कारखान्यात, बँकेत, पुण्या-मुंबईत निवृत्त झालेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींना एवढंच सांगणं आहे: दिवाळीला गावी गेलात की ती पेटी उघडा. पानांचा क्रम न मोडता मोबाईलवर फोटो काढा. गाव, साल आणि कागद कोणाकडून आला, ते वहीत लिहून ठेवा. मोडी असेल तर वाचणारे अजून आहेत, मीही आहे. वाद अजून चालू असेल तर कागद गावभर दाखवू नका. चुलतभावाशी नव्यानं भांडण उकरून काढायला हा उद्योग नाही. आणि आजोबा खटला हरले असतील तर त्या फाईलची लाज वाटू देऊ नका. हरलेल्याची जबानी निकालपत्रात दोन ओळींत आटोपलेली असते, म्हणून ती मूळ फाईलमधूनच वाचवावी लागते.