पिसांची माशी आणि गोदावरीचे मासे

शुभवर्तमानात मासेमारीचे प्रसंग अनेक आहेत. परंतु ते बहुतेक सारे जाळ्याचे आहेत. गालील सरोवराचे कोळी जाळी टाकीत, जाळी धूत, जाळी नीट करीत. गळाचा उल्लेख मात्र एकदाच येतो. मंदिराचा कर भरावयाचा होता, तेव्हा प्रभू येशूने पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगितले (मत्तय, अध्याय १७). जाळे थव्याचे असते. गळ एकाच माशाचा. गळ टाकणाऱ्याला थांबावे लागते, पाणी वाचावे लागते आणि मिळाले तेवढ्यावर उठावे लागते. मासेमारीच्या इतिहासात या गळाने एक निराळीच वाट धरली आणि ती वाट फिरत फिरत आपल्या दख्खनच्या नद्यांपर्यंत येऊन पोहोचली. त्या वाटेचा हा मागोवा.

गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावणे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याची पिसांची व लोकरीची प्रतिकृती करून माशाला भुलविणे ही कला वेगळी. तिचे जुने वर्णन रोमन लेखक ईलियन याने इसवी सन २०० च्या सुमारास केले आहे. बिरुया आणि थेस्सलनिका या दोन नगरांमधून वाहणाऱ्या आस्त्रेयस नदीवर मासेदुनियाचे लोक गळाला लाल लोकर गुंडाळीत, तिला कोंबड्याची पिसे बांधीत आणि ठिपकेदार मासे धरीत, असे तो सांगतो. ही दोन्ही नगरे आपल्याला परकी नाहीत. थेस्सलनिकेतून रातोरात निघालेल्या संत पौलाला बंधुजनांनी बिरुयालाच पाठविले होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. ईलियनने वर्णिलेले ते ठिपकेदार मासे ट्राउटच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

या कलेवरचा इंग्रजीतील पहिला छापील प्रबंध १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे प्रसिद्ध केला. इंग्लंड रोमपासून तुटण्याला अद्याप सुमारे चार दशकांचा अवकाश होता. परंपरेने या प्रबंधाचे कर्तृत्व सोपवेल येथील संन्यासिनी मठाच्या प्रमुख ज्युलियाना बर्नर्स यांच्याकडे दिले जाते. आधुनिक इतिहासकारांना ते मान्य नाही. परंतु ग्रंथाचा सूर मात्र त्या श्रद्धावान काळाचाच आहे. मार्च ते ऑगस्ट या महिन्यांसाठी बारा प्रकारच्या कृत्रिम माश्या कशा बांधाव्यात, हे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचा आहे शेवटचा उपदेश. गरिबाच्या खासगी पाण्यात त्याच्या परवानगीवाचून गळ टाकू नये, दुसऱ्याच्या सापळ्यातले मासे काढू नयेत, कुंपणे मोडू नयेत, उघडलेले फाटक लावून घ्यावे, एका वेळी हव्यासाने फार मासे मारू नयेत, आणि नदीकाठच्या एकांतात आपली नित्याची प्रार्थना करावी. हा ग्रंथ खानदानी वाचकांसाठी होता आणि आळशी लोकांच्या हाती स्वस्तात पडू नये अशी काळजीही त्यात घेतलेली होती, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही मासे धरण्याच्या पुस्तकात मासे न धरण्याची शिकवण असावी, ही लहान गोष्ट नव्हे.

याच संयमाचे दुसरे रूप म्हणजे ऋतूची मर्यादा. युरोपातील तपकिरी ट्राउट शरदाच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. म्हणून ब्रिटनमधील बहुतेक नद्यांवर ऑक्टोबरच्या सुमारास त्याची शिकार बंद होते. पाने पिवळी पडू लागली की गळवाल्याचे अखेरचे दिवस मोजके उरतात. आपल्या वसईच्या कोळी बांधवांना हे निराळे समजावून सांगावयास नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवण्याची रीत त्यांच्या पूर्वजांनी कायद्याच्या कितीतरी आधी पाळलेली आहे.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना या शरदाची आणि या माशाची आठवण छळू लागली. बोटीवर बर्फात जपून ट्राउटची अंडी आणण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. निलगिरीत फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाचे आरंभीचे प्रयत्न फसले. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणि निलगिरीत त्यानंतरच्या दशकात यश आले. पुढे कुलूच्या बियास नदीतही ट्राउट रुजला. ही सारी डोंगरावरची थंड पाणी आहेत. पाणी सुमारे २० अंशांच्या वर तापले की ट्राउट कासावीस होतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नांदेडचा उन्हाळा चाळीस अंश ओलांडतो. गोदावरीत ट्राउट जगणे कदापि शक्य नव्हते. प्रत्येक नदीला तिचे स्वतःचे मासे दिलेले असतात, हा धडा निसर्गाने तेथेच शिकविला.

गोदावरीचे आणि तिच्या भगिनींचे ते स्वतःचे मासे कोणते? याचे पहिले पद्धतशीर उत्तर कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दिले. १८२४ साली मुंबई सरकारने त्यांना दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमले. महसुलाच्या कामात हिंडताना त्यांनी पक्षी, प्राणी आणि मासे यांचीही नोंद केली. दख्खनच्या माशांवरील त्यांचा सचित्र निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८४१ साली छापला. त्यात एक विलक्षण गोष्ट आढळते. नव्या माशांना लॅटिन नावे देताना साइक्स यांनी अनेकदा स्थानिक मासेमारांच्याच तोंडचे शब्द उचलले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महसीर माशाला त्यांनी ‘खुद्री’ म्हटले. कोणाला ‘कोलस’, कोणाला ‘सीनघाला’, कोणाला ‘नुक्ता’, तर कोणाला ‘सांडखोल’. आज जगभरचे शास्त्रज्ञ टॉर खुद्री किंवा स्पेराटा सीनघाला असे लिहितात, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या अनाम मासेमारांचे शब्दच ते गिरवीत असतात. त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांनी माशांना दिलेली नावे मात्र टिकली.

साइक्स यांची पाहणी ब्रिटिश मुलखापुरती होती. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परंतु नदी सरहद्द ओळखत नाही. नाशिक-नगरकडून येणारी गोदावरीच पुढे नांदेडच्या घाटांना लागते. बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूरच्या मुलखातून वाहत, तेरणेला पोटात घेत, अखेर तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. आश्विन-कार्तिकात पुराचा गढूळपणा ओसरून पाणी निवळते. मरळ, वाम, शिंघाळा धरणाऱ्या भोई बांधवांसाठी हा शरद विरंगुळ्याचा नव्हता. तो भाकरीचा होता. साहेबाचा गळ आणि भोयाचे जाळे यांतील हे अंतर विसरून चालणार नाही.

तरी एका बाबतीत गळवाल्यांनी सर्वांच्याच हिताचे बोलून ठेवले. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. महसीर हा झुंजीत सामन माशाहून सरस आहे, असे त्यांचे मत होते. परंतु ओढ्यांत विष कालवून आणि बारीक सापळे लावून पिल्लांचा जो संहार चाले, त्याविरुद्धही त्यांनी कळकळीने लिहिले. पुढे १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग लावण्यास व विष कालविण्यास बंदी केली. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता. निजामाच्या मराठवाड्याला तो आपोआप लागू नव्हता.

विसाव्या शतकात नदीच पालटली. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. नांदेडजवळ विष्णुपुरीचा जलाशय झाला, खाली तेलंगणात श्रीरामसागर झाला. शेतीला व शहरांना पाणी मिळाले. त्या उपकाराविषयी कृतघ्न होता येणार नाही. परंतु पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत उभी राहिली. जलाशयांत गंगेच्या खोऱ्यातील रोहू व मृगळाचे बीज सोडले जाऊ लागले. १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया, आपला चिलापी, अनेक जलाशयांत पसरला. आणि एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा माशांचा प्रश्न विचारावयासही कोणी उरले नाही.

माशाला वाचविण्याचे प्रयत्नही झाले. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून खुद्री महसीरची पैदास केली. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांचे त्यामागे मार्गदर्शन होते. हे कार्य थोर होते. परंतु तेथील पिल्ले दूर कावेरीतही सोडली गेली आणि कालांतराने तेथे खुद्रीचीच रेलचेल झाली. कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर मागे हटत गेला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याची ओळख टॉर रेमादेवी या जातीशी निश्चित केली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. दख्खनचा पाहुणा कावेरीच्या घरधन्याला भारी पडला. ट्राउटला गोदावरीने नाकारले होते; कावेरीला खुद्रीला नाकारता आले नाही. सद्‌हेतूने केलेल्या कृत्यालाही नदीची संमती लागते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले की, आपल्यामुळे हजारो जाती यापुढे आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करू शकणार नाहीत. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांना हा विचार दूरचा वाटू नये. आपल्या गावाजवळच्या नदीत पूर्वी कोणकोणते मासे मिळत, हे वृद्ध भोयांना विचारून लिहून ठेवणे एवढे तरी मुलांकडून करून घेता येईल. चाळीत उरलेले औषध नदीत न ओतणे, सुरुंगाने मारलेला मासा घरात न घेणे, पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी बाजारात न मागणे, हे तर प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. पेत्राला गळ टाकावयास सांगितले गेले ते करापुरते. त्याच्या गळाला एक मासा लागला आणि तेवढ्यात काम भागले. साइक्सच्या ग्रंथात आपल्या मासेमारांचे शब्द सुरक्षित आहेत. त्या शब्दांचे मासे गोदावरीत आणि मांजरेत राहावेत, एवढीच आता इतिहासाची मागणी आहे.