माळ्यावरची गळती कशी शोधायची आणि कशी दुरुस्त करायची?

कौलारू घराच्या माळ्यावर ओल दिसली की आपण डागाच्या बरोबर वरचं कौल बदलतो. कोकणातल्या आमच्या घरात मीही दोन पावसाळे तेच केलं. तिसऱ्या वर्षी वाशाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो सहज अर्धा इंच आत गेला. पाणी शिरत होतं डागापासून चार हात वर, छप्पर भिंतीला टेकतं त्या सांध्यातून, आणि वाशावरून ओघळत खाली येत होतं. म्हणून शोध नेहमी डागापासून चढाकडे घ्यायचा.

१. पाऊस चालू असताना

माळ्यावरची वायर किंवा दिवा ओला दिसला तर आधी मेन स्विच बंद करा. बॅटरी घेऊन ओघळ वर कुठपर्यंत जातो ते बघा आणि तिथे खडूने खूण करा. त्या खुणेचं आढ्यापासून आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. बाहेरून नेमकी जागा त्यावरूनच सापडते.

२. उघडीप मिळाल्यावर

दुपारी दिवे बंद करून वर बघा. कौलांच्या सांध्यातून थोडा उजेड येतोच, पण थेट आकाश दिसलं तर कौल सरकलंय किंवा फुटलंय. मंगलोरी कौलाच्या खाचेत शेवाळ आणि पाचोळा साठला, तर कौल धडधाकट असूनही पाणी तुंबून आत येतं.

तरीही कळलं नाही तर पाइपने पाणी सोडा. सुरुवात खालून करा, एकेका पट्ट्यावर दहा मिनिटं थांबा, मग वर सरका. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पाणी उताराच्या दिशेनेच सोडा. खालून वर फवारा मारला तर चांगली कौलंही गळतात. आत एक माणूस हवाच.

३. उपकरणं घ्यावीत का?

दोन सुयांचा मॉइश्चर मीटर लाकडाचा विद्युतरोध मोजून ओलावा दाखवतो. आकडा बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहिला तर लाकूड कुजण्याचा धोका असतो. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओली जागा थंड दिसते, पण थंड दिसणारी प्रत्येक जागा ओली नसते.

४. दुरुस्ती

फुटलेलं कौल बदलाच. चिरेवर सिमेंट थापलं तर ते वाळताना आकसतं आणि पुन्हा फट पडते. ब्युटाइल टेप पावसाळ्यापुरती चालते. भिंतीच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी बसवा. तिची वरची कड भिंतीत खाच पाडून आत घ्या, म्हणजे भिंतीवरून येणारं पाणी पट्टीच्या मागे जाणार नाही.

लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय त्याला रंग लावू नका, ओल आत कोंडते. वासा पोकळ झाला असेल तर सुताराला दाखवा. आमच्याकडे जोडवासा द्यावा लागला. तोवर त्याखाली कुणाला झोपू देऊ नका.

५. गळती नसतानाही ओल?

पत्र्याचं छप्पर असेल तर थंडीत पहाटे आतून सगळीकडे थेंब दिसतात. पाऊस नसताना असं झालं तर ते दव आहे. रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या हवेतली वाफ त्यावर धरते. तिथे सीलंट वाया जातं. समोरासमोर झरोके ठेवून हवा खेळती करा.

शेवटचं, ओल्या कौलांवर चढू नका. सगळी पाहणी आतून करा, आणि छपरावरचं काम कोरड्या दिवशी, जाणकाराकडूनच करून घ्या. मे महिन्यात शाकारणीच्या वेळी एक दुपार माळ्यावर घालवली, तर वासे बदलायची वेळ येत नाही.