कीबोर्डचे सूर ठरवतं कोण?

हरसूलच्या बाजूला भजनाला पेटी, लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड आणि आदिवासी पाड्यांवर तारपा. तारपा भोपळ्याचा न्‌ बांबूचा. त्याचे सूर बनवणाऱ्याच्या हाताचे. समजा, हेच सूर तुम्हाला कीबोर्डवर हवेत. मग काय घ्याल? पोटातच कॉम्प्युटर असलेला 'ओपन' कीबोर्ड, की साधा कीबोर्ड घेऊन केबलने कॉम्प्युटरला जोडाल? आधी थोडा इतिहास बघू, कारण हा वाद कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे.

आजच्या नेहमीच्या पेटीत सप्तकाचे १२ समान भाग असतात. सा २४० हर्ट्‌झ धरला तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० वर येतो. पेटीत तो ३०२.४ वर असतो. फरक एवढासाच, पण तयार कानाला खुपतो.

निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक काढलं. न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुतींची पेटीही घडली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला, पण तिला सर्वमान्यता मिळाली नाही. अडचण उघड होती: रीड एकदा घासली की सूर ठरला, मत बदललं तर परत घासा! पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी आपल्या काळात २२ श्रुतींची पेटी पुन्हा उभी केली.

आता १९८३ कडे या. त्या वर्षी 'मिडी' आलं. गंमत बघा, मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. जातं ते इतकंच: '६४ नंबरची पट्टी दाबली, एवढ्या जोराने.' ६४ म्हणजे किती हर्ट्‌झ, ते पलीकडचं यंत्र ठरवतं. म्हणजे रीड घासायची गरज संपली. तक्त्यातला आकडा बदला, झालं. १९९२ मध्ये असे तक्ते पाठवायची प्रमाण पद्धतही ठरली.

म्हणून साधा कीबोर्डही कॉम्प्युटरला जोडला की मोकळा होऊ शकतो, आणि 'ओपन' म्हणवणारा बंद असू शकतो. कॉर्गच्या २००५ च्या 'ओएसिस'च्या नावातच 'ओपन' होतं, आत लिनक्स होतं. तरी आवाज घडवणारी नवी इंजिनं कंपनीकडूनच यायची.

तक्ता आपल्या हातात नसेल, तर तारप्याचे सूर १२ खणांत कोंबले जातात. मग कीबोर्ड ऐकून वाढलेलं पोर उद्या आजोबांच्या तारप्यालाच बेसूर म्हणेल. नुकसान ते आहे.

तेव्हा दुकानात दोनच प्रश्न विचारा: प्रत्येक पट्टीचा सूर मला वेगळा लावता येतो का? आणि तो तक्ता साठवून दुसऱ्या यंत्रावर नेता येतो का? दोन्हीला 'हो' मिळालं, तर वर लेबल कुठलंही असो, खुशाल घ्या.