अपूर्ण गट आराखडा : वाण जास्त आणि सारखी जमीन कमी असेल तर

सात वाणांची तुलना करायची आहे, पण शेत एकसारखे नाही. एका टोकाला भारी काळी जमीन, दुसरीकडे मुरमाड, बांधालगत झाडांची सावली. अशा चाचणीत उत्पादन वाणामुळे वाढले की जमिनीमुळे, हे कळत नाही. चुकीचा वाण निवडला तर त्याचा फटका पुढच्या हंगामात बसतो.

गट म्हणजे काय?

सारख्या मगदुराच्या शेजारच्या प्लॉटचा समूह म्हणजे गट. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक गटात सर्व वाण असतात. वाण वाढले की गट लांबतो आणि त्यातच जमीन बदलते. म्हणून गट लहान ठेवून प्रत्येक गटात काहीच वाण पेरतात. यालाच अपूर्ण गट आराखडा म्हणतात. फ्रँक येट्स यांनी 1936 मध्ये तो मांडला.

7 वाण, 3 प्लॉटचे 7 गट

- गट 1 : वाण 1, 2, 4
- गट 2 : वाण 2, 3, 5
- गट 3 : वाण 3, 4, 6
- गट 4 : वाण 4, 5, 7
- गट 5 : वाण 5, 6, 1
- गट 6 : वाण 6, 7, 2
- गट 7 : वाण 7, 1, 3

एकूण 21 प्लॉट. प्रत्येक वाण तीनदा येतो आणि कोणतेही दोन वाण एकाच गटात नेमके एकदा एकत्र येतात. म्हणून हा आराखडा संतुलित आहे.

आखणी करताना

- कोणत्या वाणाला कोणता क्रमांक, कोणता गट कुठे आणि गटातील प्लॉटचा क्रम, हे तिन्ही चिठ्ठ्या टाकून ठरवा.
- उतार असेल तर गट उताराला आडवा घ्या, म्हणजे त्यातील तिन्ही प्लॉट एकाच पातळीवर येतील.
- सर्व प्लॉट एकाच मापाचे ठेवा. एका गटाची पेरणी, फवारणी आणि काढणी एकाच दिवशी करा.

सरळ सरासरी काढू नका

समजा, वाण 1 चे उत्पादन तीन प्लॉटमध्ये 20, 25 आणि 22 किलो आले. सरासरी 22.3 किलो. सर्व 21 प्लॉटची सरासरी 24 किलो असेल, तर हा वाण मागे पडला असे वाटेल. पण त्याच्या तीन गटांची सरासरी अनुक्रमे 18, 22 आणि 20 किलो होती. म्हणजे तो हलक्या जमिनीत पडला होता.

आता प्रत्येक प्लॉटमधून त्याच्या गटाची सरासरी वजा करा : 2, 3 आणि 2. बेरीज 7. या आराखड्यात या बेरजेला 3 ने गुणून 7 ने भागायचे. उत्तर 3 किलो. ते 24 मध्ये मिळवले की दुरुस्त सरासरी 27 किलो येते. सरळ सरासरी पाहिली असती, तर हा वाण बाद झाला असता.

कधी वापरावा?

वाण चार-पाच असतील आणि जमीन एकसारखी असेल, तर पूर्ण गटांची साधी पद्धतच बरी. वाण पंचवीस-तीस असतील, तर संशोधन केंद्रांवर लॅटिस किंवा अल्फा आराखडा वापरतात. विस्तार कार्यकर्त्यांनी वरील सात गट सात शेतकऱ्यांच्या शेतात विभागून द्यावेत. प्रत्येकाला फक्त तीन वाण सांभाळावे लागतात. मात्र एखाद्या गटाचे किंवा प्लॉटचे पीक हातचे गेले, तर संतुलन बिघडते आणि वरील सोपे गणित लागू पडत नाही. तेव्हा आकडे अंदाजाने भरू नका. नोंद जशी आहे तशी ठेवा आणि कृषी विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागाकडून विश्लेषण करून घ्या.