मारिओ आणि सोनिक : एक राहून गेलेली भेट

इतिहासाच्या अभ्यासकाने ‘असे झाले असते तर’ या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे गुरुजन सांगत. ही शिस्त मी बहुतेक पाळली आहे. एका बाबतीत मात्र ती मोडण्याचा मोह मला गेली तीस वर्षे होत आला आहे, आणि संपादकांनी ‘दिवाळीला हवे ते लिहा’ म्हटल्यावर तो आवरण्याचे कारण उरले नाही. मारिओ आणि सोनिक हे दोघे एकाच खेळात, एकाच जमिनीवर धावले असते तर?

ज्यांच्या घरी हे पाहुणे कधी आलेच नाहीत, त्यांच्यासाठी थोडी ओळख. दोघेही व्हिडिओ गेममधले, दोघेही जपानी, आणि दोघांचा उद्योगही एकच. पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावायचे, खड्डे ओलांडायचे आणि शत्रूच्या डोक्यावर उडी घ्यायची. मारिओ हा मिशाळ, टोपीवाला, पोट सुटलेला प्लंबर. सोनिक हा काटेरी पाठीचा निळा प्राणी, दिसण्यापुरता साळिंदराचा धाकटा चुलतभाऊ म्हणावा असा.

मारिओचे घराणे जुने. निन्टेंडो ही कंपनी 1889 साली क्योटो शहरात स्थापन झाली ती फुलांची चित्रे असलेले पत्ते तयार करण्यासाठी. सेगाचे मूळ अमेरिकन. लष्करी तळांवर नाणी टाकून चालणारी यंत्रे पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांचा तो धंदा. ‘सर्व्हिस’ आणि ‘गेम्स’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून नाव जुळले आणि 1965 साली डेव्हिड रोझेन यांच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन त्याला आजचे रूप आले. म्हणजे एकाकडे पत्ते, दुसऱ्याकडे नाण्यांची यंत्रे. कुलशीलाचा फार अभिमान बाळगावा असे कोणाकडेच काही नव्हते.

मारिओ पहिल्यांदा दिसला 1981 साली, ‘डाँकी काँग’ या खेळात. शिगेरू मियामोतो यांनी त्याला मिशी दिली, कारण इवल्याशा चित्रात तोंड काढायला जागा नव्हती. टोपी दिली, कारण केस काढणे अवघड. नाव मिळाले ते अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून. (प्रतिस्पर्ध्याच्या नावाची अक्षरे या आडनावात आधीपासूनच होती, हा नियतीचा विनोद कोणाच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे.) 1985 सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सगळा खेळ अवघ्या 40 किलोबाइटांत बसवलेला आहे. त्यातले ढग आणि झुडपे हे एकच चित्र आहे, फक्त रंग निराळा. गरिबाच्या संसारात जसे एकाच लुगड्याचे पुढे परकर आणि दुपटे होते, तसे.

सोनिकचा जन्म टंचाईतून झाला नाही, ईर्षेतून झाला. सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र 1988 सालीच बाजारात आले होते, परंतु मारिओसमोर उभा करावा असा चेहरा त्याच्यापाशी नव्हता. तो जून 1991 मध्ये आला. नाओतो ओशिमा यांनी चित्र काढले, युजी नाका यांनी त्याला पळायला शिकवले, हिरोकाझू यासुहारा यांनी पळायची राने आखली. अंगाचा रंग कंपनीच्या बोधचिन्हाचा निळा. पुढची काही वर्षे अमेरिकेत या दोघांच्या नावाने जाहिरातींचे जे युद्ध पेटले, त्याच्या कथा पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मला त्यांत फारसा रस नाही. भांडण जाहिरातींत होते हे खरे, पण फरक जमिनीत होता.

मारिओची जमीन सपाट, मध्ये खड्डे. तिथे डोळ्यांनी अंतर जोखावे लागते. सोनिकची जमीन उताराची. उतारावर वेग साठवायचा आणि त्या वेगाच्या बळावर वर्तुळाकार रस्त्यावरून डोके खाली, पाय वर करून निघून जायचे. मारिओची शंभर नाणी जमली की एक आयुष्य वाढते, म्हणजे ती बचत झाली. सोनिकच्या हाती एक जरी कडे असले तरी बहुतेक घावांतून तो जगतो, फक्त जवळची कडी उधळली जातात. ते चिलखत झाले. आणि खेळणारा थांबला, तर मारिओ मुकाट उभा राहतो, सोनिक मात्र पाय आपटत आपल्याकडे रागाने पाहतो.

हे सगळे मला सांगलीच्या आमच्या माडीवर कळले. आमच्याकडे बाजारात मिळणारे नकली यंत्र होते. कॅसेटला फुंकर मारल्याशिवाय ते चालत नसे. मुंबईचा माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, दुबईहून आलेले खरे मेगा ड्राइव्ह बाळगून होता. दिवाळीच्या सुटीत तो आला की आमचा वाद फराळापासून सुरू होई. एका वर्षी मी एक विचित्र कॅसेट मिळवली. तीत सोनिकची ताडामाडांची हिरवी टेकडी होती, तीच वर्तुळे होती, आणि त्यांतून धावत होता मारिओ!

“बघ, शेवटी तुझा मारिओ आमच्या रानात आला,” दादा म्हणाला.

“आला नाही दादा, त्याने ते जिंकलं,” मी म्हणालो. आणि आमची दोन दिवस बोलाचाली बंद झाली.

तो खेळ ‘सोमारी’, हे मला फार पुढे कळले. 1994 साली तैवानमधल्या मंडळींनी, कोणाचाही परवाना न घेता, मारिओच्या जुन्या यंत्रासाठी तो बनवला. चाचेगिरीच ती. पण ज्या काळात दोन्ही घरी एकमेकांचे नाव काढणे म्हणजे डिवचणे होते, त्या काळात ही भेट घडवली ती चाच्यांनी, ही गोष्ट इतिहासात नोंदवली पाहिजे. खेळ मात्र वाईट होता. मारिओ अंगाचा गोळा करून सुटे, पण उताराला उतार वाटत नसे.

अधिकृत भेट झाली ती एक पक्ष हरल्यावर. जानेवारी 2001 मध्ये सेगाने आपले शेवटचे यंत्र ‘ड्रीमकास्ट’ बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोनिक निन्टेंडोच्या यंत्रांवर दाखल झाला. नोव्हेंबर 2007 मध्ये दोघे बीजिंग ऑलिंपिकच्या खेळात एकत्र आले. यावर लोक आनंदले. मला तो आनंद पुरता पटला नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत मारिओ सोनिकला हरवू शकतो, कारण मैदान दोघांचेही नाही आणि यश खेळणाऱ्याच्या हातांच्या वेगावरही अवलंबून आहे. पुढे 2008 साली ते ‘स्मॅश ब्रदर्स’च्या आखाड्यात भेटले. 2013 सालच्या ‘सोनिक लॉस्ट वर्ल्ड’ला मागाहून जोडलेल्या एका भागात सोनिक मारिओचा सोबती योशी याच्या बेटावर जाऊन आला, तेव्हा मारिओ घरी नव्हता. 2015 सालच्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये मारिओने सोनिकचे सोंग घेतले. पाहुणचार सगळे झाले, सहवास झाला नाही.

का झाला नसावा? माझ्या मते अडचण पडद्याची आहे. पडदा कोणाच्या मागे धावणार? सेगाने 1992 साली सोनिकला टेल्स नावाचा जोडीदार दिला, तेव्हा तो मागे राही आणि पडद्याबाहेरून उडत येऊन पुन्हा गाठे. मारिओला असे उडत आणणे म्हणजे त्याचा अपमान. आणि सोनिकला मारिओच्या चालीने चालवणे म्हणजे शिक्षा.

मी आखला असता तर पडदा एक, वाटा दोन ठेवल्या असत्या. खाली सोनिकची उताराची लांब वाट, वर मारिओची खड्ड्यांची आखूड. सोनिक वेगाने लांबचा वळसा घालून येणार, मारिओ मोजून उड्या मारत जवळून जाणार, आणि दोघे एकाच फाटकाशी पोचणार. फाटक उघडायला दोघेही लागतात. जो आधी येईल त्याने थांबायचे. सोनिकने हवे तर पाय आपटावेत.

ही योजना मी गेल्या दिवाळीत दादाला फोनवर समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “ते सगळं ठीक आहे. पण फाटकाशी आधी कोण पोचतं?”