वसईच्या खाडीकाठचा अश्वव्यापार

पडद्यावरील खेळात वंशावळ पाहून मायावी अश्वांचा सौदा करणाऱ्या वसई-विरारच्या तरुणांस कदाचित ठाऊक नसेल की, याच खाडीच्या वरच्या अंगास असलेल्या ठाण्याच्या राजाने तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोच्या वृत्तान्तानुसार, चाच्यांशी असा करार केला होता की, लुटीतील घोडे तेवढे सरकारजमा व्हावेत आणि बाकीचा माल चाच्यांनी खुशाल घ्यावा. राजाने लुटारूंशी हातमिळवणी करावी, हे लांच्छनच. परंतु घोड्यांची निकड किती होती, हेही त्यातून दिसते. हे घोडे आणणारी होर्मुझ बंदराची गलबते लोखंडी खिळ्यांवाचून, काथ्याने शिवलेली असत. तळाशी माल, त्यावर कातडी अंथरलेली, आणि त्या कातड्यांवर, भर समुद्रात, विक्रीचे घोडे उभे! त्या मुक्या जिवांचे हाल मनाला चटका लावतात. पुढे १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, तेव्हा तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईचा परवाना घ्यावा व परतताना येथेच जकात भरावी, असे ठरले. दर्यावरील हुकमत अशी दप्तरात उतरली. वाचकहो, वसईच्या किल्ल्यात गेलात तर दर्या दरवाजाशी घटकाभर थांबा आणि काथ्याने शिवलेल्या त्या गलबतांवरील घोड्यांचे स्मरण अवश्य करा.